खालच्या मजल्यावरची तक्रार

बेल एकदाच वाजायची, पण लांबलचक. दार उघडलं की ते उंबऱ्याबाहेर उभे. पायात चपला, हातात कोपरा भिजलेलं वर्तमानपत्र. नमस्कार नाही, 'जेवण झालं का' नाही. थेट सांगायचे, "तक्रार आहे."

तुमच्याही सोसायटीत असं एखादं माणूस असेल. ते लिफ्टमध्ये शिरलं की आपण उगाच मोबाइल काढून बघत बसतो. आमच्या मुलुंडच्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि मोबाइल तेव्हा फार थोड्यांकडे होते, त्यामुळे आमची सुटका नव्हती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, ते बरोबर आमच्याखाली, दुसऱ्यावर. घरात त्यांचं नावच 'खालचे' पडलं होतं. मी तोंडावर काका म्हणायचो.

तक्रार बाबांविरुद्ध असे. बाबांना झाडांचं वेड. गॅलरीत ऑइलपेंटच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून त्यांनी मोगरा, तगर, ओवा, गवती चहा असं काय काय लावलं होतं. रोज सकाळी ते डब्यांत तांब्याने पाणी ओतत, आणि ते पाणी माती, भोकं आणि ग्रिल अशी ठरलेली वाट धरून खाली काकांच्या पेपरावर उतरे. मग खालून आवाज, "वरून पाणी कोण टाकतंय?" बाबा ग्रिलमधून वाकून तितक्याच शांतपणे म्हणत, "वर या."

आणि काका वर येत. बेल, तक्रार आहे. त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं, "लिहून द्या." त्या दोन शब्दांत बाबा एवढा सरकारी रुबाब आणायचे, की वाटावं हे कुठल्या तरी खात्याचे प्रमुख आहेत. काका म्हणत, "लिहून दिलं की फाइल होते, आणि फाइल झाली की काम होत नाही. तोंडीच ऐका." तोवर आई चहा घेऊन येई. बाबा उंबऱ्याच्या आत आणि काका बाहेर, असे दोघे उभ्याउभ्या चहा पीत. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा खाली पडे. इतकी वर्षं मला वाटत होतं, की या दोघांचं भांडण आहे.

काका महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीचा बहुतेक काळ ते तक्रारींच्या खिडकीत बसले होते. पाणी आलं नाही, पाणी गढूळ आलं, आलं पण दाबच नाही. समोरचा कितीही तापलेला असो, ते आधी विचारत, "कधीपासून?" सगळं ऐकून झालं की म्हणत, "नोंद घेतली." घरी बोलतानाही हे दोन शब्द त्यांच्या तोंडी असत. माझ्या बायकोने एकदा जिन्यात कंबर दुखते म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "कधीपासून?" आणि मग, "नोंद घेतली." ती म्हणाली, घरात तेवढंही कोणी विचारत नाही. हे ती माझ्याकडे बघून म्हणाली.

एकदा चहा पिता पिता ते बाबांना सांगत होते, "खिडकीवर येऊन भांडतो ना, त्याची काळजी नाही. त्याला अजून वाटतंय की पाणी येईल. जो रोज यायचा आणि यायचा बंद झाला, त्याच्या घरी जाऊन बघावं." मी तेव्हा आत सोफ्यावर होतो आणि माझं सगळं लक्ष बशीतल्या शेवटच्या खारीकडे होतं. वाक्य कानात कसं राहिलं कोण जाणे. खारी मात्र बाबांनी घेतली.

बाबा एका सकाळी गेले. आजार नाही, दवाखाना नाही. काका वर आले ते बेल न वाजवता. दार उघडंच होतं. नेहमीच्या जागी, उंबऱ्याबाहेर, ते सगळं होईपर्यंत उभे राहिले. त्या दिवशी तक्रार नव्हती.

त्यानंतर आई बदलली. तोवर आई म्हणजे आमच्या घरातली तक्रारीतली सर्वांत मोठी जाणकार. भाजीवाल्याच्या मेथीपासून माझ्या सुटलेल्या पोटापर्यंत तिला सगळ्यात काहीतरी खटके, आणि बाबा तर तिचा खास विषय. आता ती एकदम गुणी झाली. काहीही विचारलं की म्हणे, "चालेल." आमटीत दोनदा मीठ पडलं, चालेल. तिच्या आवडीचे पडदे काढून बायकोने दुसरे लावले, चालेल. तिच्या खोलीतला पंखा खडखडत होता, ते मला मी एके दुपारी तिथे आडवा झालो तेव्हा कळलं. तिने सांगितलंच नव्हतं. गॅलरीतली झाडं एकेक करून वाळत गेली. बाबांचा मोगराही गेला. त्यावरही, चालेल.

बायको एकदा मला म्हणाली, "आई माझ्याशी एकदा कडकडून भांडल्या ना, तर मला बरं वाटेल रे." सासूबद्दल असं बोलणारी सून मिळणं भाग्याचं आहे, पण ते भाग्य मोजायची ती वेळ नव्हती. मी आपल्या परीने प्रयत्न केले. मुद्दाम चहा बिघडवून आणला. आईने शांतपणे कप रिकामा केला. खरं सांगायचं तर मुद्दाम बिघडवायला मला काही वेगळं करावं लागलं नव्हतं.

वर्षश्राद्ध आलं. तिथीने, रीतसर. गुरुजी, पान, वडे, खीर, पार्ल्याहून आत्या, ठाण्याहून मामा. सगळे बाबांबद्दल चांगलं बोलत होते. देवमाणूस, कुणाला दुखावलं नाही, कशाची हाव नाही. ऐकता ऐकता मला वाटायला लागलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाचं तरी श्राद्ध घालतोय. ज्यांच्याविषयी हे बोलणं चाललं होतं, त्यांनी ओला टॉवेल गादीवर टाकला नसता आणि शेवटची खारी तर मुळीच उचलली नसती. आई पदर खांद्यावर घेऊन बसली होती. आत्याने विचारलं, वहिनी, थोडा भात वाढू? आई म्हणाली, चालेल. आणि ताटातला भात तसाच राहिला.

चला, पार पडलं, असं म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला. माणूस गेल्याचा दिवस दोनदा येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथी येते ती गुरुजींना, पाहुण्यांना, भांड्याकुंड्यांना घेऊन येते. त्या गडबडीत माणूस निभावतो. तारीख पुढच्या आठवड्यात रिकाम्या हाताने आली. कुणाचा फोन नाही, करायला काही काम नाही. सकाळपासून घरात भांडं जरी वाजलं तरी सगळे दचकत होते. आई बाबांच्या खुर्चीसमोर पलंगावर बसून होती. जेवली नाही. मी पोट बिघडल्याचं सांगून ऑफिसातून लवकर आलो आणि करण्यासारखं काहीच नसल्यामुळे खरंच पोट बिघडल्यासारखा बसून राहिलो.

दुपारी बेल वाजली. एकदाच, लांबलचक.

"तक्रार आहे," काका म्हणाले.

मी आवाज खाली करून म्हटलं, "काका, आज नको. आज बाबांची..."

"तारीख आहे. माहितेय मला. तुझ्याकडे नाही आलेलो. वहिनींकडे काम आहे."

आणि त्यांनी चपला काढल्या. आमच्या दारात इतकी वर्षं उभा राहिलेला हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आला. मी त्यांना हाकलणार होतो. म्हणजे मनात. प्रत्यक्षात मी त्यांना पाणी आणून दिलं.

बाबांची खुर्ची सोडून ते स्टुलावर बसले, आईच्या समोर. म्हणाले, "वहिनी, तुमच्या ह्यांनी मला मोगऱ्याचं रोप देतो म्हणून सांगितलं होतं. दिलं नाही."

आईची नजर खुर्चीवरच होती.

"शब्द देऊन फिरवला. असे पुष्कळ बघितलेत मी खिडकीवर. पण हे असं करतील असं वाटलं नव्हतं."

आईने मान वर केली. "दिलं होतं," ती म्हणाली.

"नाही दिलं."

"निळ्या डब्यात लावून दिलं होतं. वर पांढऱ्या रंगाने 'खालचे' असं लिहिलं होतं, चुकून दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून. माझ्यासमोर लिहिलं."

"मला मिळालं असतं तर मी कशाला आलो असतो?"

"मिळालं होतं. तुम्ही वाळवलंत ते. आणि आता ह्यांच्या नावावर खपवताय." आईचा आवाज एकेक पायरी चढत जुन्या मजल्यावर पोचला होता. "हे बघा भावजी, ह्यांना काय म्हणायचं ते म्हणा. टॉवेल गादीवर टाकायचे, म्हणा. कपाटाची किल्ली दर वेळी नव्या जागी ठेवायचे आणि मलाच विचारायचे, म्हणा. पाहुणे उठले की दारात पुन्हा तासभर गप्पा मारायचे. पण देतो म्हणून दिलं नाही, असं व्हायचं नाही."

"किल्लीचं कधीपासून?" काकांनी विचारलं.

"लग्न झाल्यापासून."

मग ती सुरूच झाली. वर्षभराचं साचलेलं होतं. काका मध्ये मध्ये फक्त 'कधीपासून' विचारत होते आणि आई तारीखवार सांगत होती. मी हातात रिकामा ग्लास घेऊन उभा होतो. देवमाणूस हळूहळू निघून चालला होता आणि त्या जागी बाबा येत होते, बनियनवर, खांद्यावर टॉवेल टाकून.

बोलता बोलता आई थांबली. खुर्चीकडे बघून म्हणाली, "आणि त्या दिवशी चहा टाक म्हणाले. मी टाकला. आलं किसून. घेऊन आले तर..." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मागितला ना, मग थांबायचं. तेवढंही थांबले नाहीत."

हे तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आता काका म्हणतील, देवाची इच्छा. किंवा, नशीबवान, त्रास नाही झाला. सगळे म्हणालेच होते तसं. काका गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघत राहिले. मग म्हणाले, "नोंद घेतली, वहिनी."

आई रडली. वर्षात पहिल्यांदा, मोठ्याने. बायको आतून आली आणि तिच्याजवळ बसली. मला काही सुचेना, म्हणून मी चहा केला. आईने डोळे पुसले, एक घोट घेतला आणि म्हणाली, "हा काय चहा आहे? नुसतं पाणी आहे. एवढा मोठा झालास, अजून चहा येत नाही तुला." बायको माझ्याकडे बघून इतकं गोड हसली, की लग्नाच्या फोटोतही ती तशी हसलेली नाही.

दुसऱ्या दिवशी आईने गॅलरीत तग धरून असलेल्या गवती चहाला तांब्याभर पाणी घातलं. पाणी नेहमीच्या वाटेने खाली गेलं. मी श्वास रोखून आवाजाची वाट पाहिली. आवाज आला नाही. वाकून बघितलं तर काकांनी फक्त खुर्ची थोडी सरकवली होती आणि ओला कोपरा वर धरून ते पेपर वाचत होते.

त्यानंतर दर वर्षी तारखेला ते येत. तिथी आमची, तारीख काकांची. एका वर्षी मी कालनिर्णय घाईत बघितलं आणि शुद्ध पक्षाऐवजी वद्य धरून गुरुजींना भलत्याच दिवशी बोलावलं. सगळं यथासांग झाल्यावर चूक कळली. काका म्हणाले, "म्हणून आम्ही तारीख धरतो. तीस तारखेच्या दोन बाजू नसतात." आई म्हणाली, "ह्यांचं काही बिघडलं नसेल. दोन्ही दिवशी जेवून गेले असतील."

मोगऱ्याने सुरुवात ठरलेली. तो मुद्दा कधी मिटला नाही. आई सकाळपासून तयारीत असे. "येऊ देत आज, बघते," असं म्हणत आलं किसे. जेवणही करी, कारण उपाशीपोटी भांडता येत नाही असं तिचं मत होतं.

निघताना काका जिन्यात मला विचारत, "तुझी काही?" मी दर वेळी नाही म्हणायचो. मी तक्रार न करणारा म्हणून प्रसिद्ध आहे. बायकोचं म्हणणं, मी तक्रार करत नाही, तोंड वाकडं करतो. एका वर्षी मात्र कसं कोण जाणे, मी बोलून गेलो. म्हटलं, "काका, बाबांचा आवाज आठवेनासा झालाय. चेहरा येतो समोर, पण आवाज नाही येत."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून असेल."

काका कठड्याला धरून थांबले. घसा साफ केला, मान किंचित मागे नेली, आणि म्हणाले, "लिहून द्या."

तेच ते. तो रुबाब, 'लिहून' वरची ती लांबण, शेवटी किंचित पडलेला सूर. माणूस वर्षानुवर्षं उंबऱ्याबाहेर उभा राहून काय ऐकत होता, ते मला त्या जिन्यात कळलं. मी कठड्यावर डोकं टेकलं. काका माझी पाठ थोपटत राहिले, आणि थोड्या वेळाने 'नोंद घेतली' म्हणून चपला वाजवत खाली उतरले.

पुढे इमारत पुनर्विकासाला गेली. आम्ही पलीकडच्या गल्लीत भाड्याने राहायला गेलो. काकू मी काकांना ओळखू लागण्याआधीच गेलेल्या, म्हणून ते भांडुपला मुलीकडे गेले. तारखेला तिथून रिक्षाने येत. नव्या घरच्या बेलवर आरती वाजते. त्यांनी ती पूर्ण होईपर्यंत बाहेर उभं राहून ऐकली आणि म्हणाले, "दोन तक्रारी आहेत. पहिली या बेलची."

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेत गेले म्हणाली. आई फोन ठेवून म्हणाली, "यांनापण घाई."

आता त्यांचा पहिला स्मृतिदिन आला. ते लोक बौद्ध, तारखेचाच दिवस. आईचे गुडघे आता जिना म्हटलं की कुरकुरतात, पण ती म्हणाली, जायचंच. रिक्षात बसल्यावर घाटकोपरला नव्हे, भांडुपला चाललोय हे तिने मला दोनदा बजावलं, कारण मी याआधी एका साखरपुड्याला भलत्याच स्टेशनला उतरलेलो आहे.

आम्ही पोचलो तेव्हा वंदना होऊन गेली होती. पांढरं कापड अंथरलेलं, बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या, शेजारी काकांचा फोटो. फोटोतही ते काहीतरी सांगायला आल्यासारखे दिसत होते. माणसं जयभीम करून निघत होती. मुलगी सगळ्यांना खीर देत होती आणि प्रत्येकाला सांगत होती, छान गेले, त्रास नाही झाला, सगळं समाधानाने झालं. कुणी म्हणालं, तू पण दोन घास खा. ती म्हणाली, "चालेल, खाते नंतर." कुणी म्हणालं, आता सावर. ती म्हणाली, "हो, चालेल."

आईने माझ्याकडे बघितलं.

माणसं गेल्यावर आई म्हणाली, जरा वाऱ्याला बसते. मुलगी तिला हाताला धरून गॅलरीत घेऊन गेली. मी खिरीची वाटी घेऊन मागोमाग. गॅलरीत पाऊल टाकलं आणि आई उभीच राहिली.

ग्रिलला लागून एक निळा डबा होता. कडेला गंजलेला, पण त्यावरची पांढरी अक्षरं स्पष्ट. बाबांचं अक्षर. 'खालचे'. आणि डब्यात मोगरा, चांगला कमरेइतका, कळ्यांनी भरलेला.

"हा इथे कधीपासून?" आईने विचारलं.

"खूप वर्षं झाली काकू," मुलगी म्हणाली. "मुलुंडच्या गॅलरीत ऊन नव्हतं ना, म्हणून मिळाला त्याच आठवड्यात बाबांनी इथे आणून ठेवला. पुढे मला सारखं बजावायचे, पाणी घालत जा, पण मुलुंडच्या कुणाला सांगू नको, माझी तक्रार बाद होईल."

आईने डब्यावर हात ठेवला. अक्षरांवरून बोट फिरवलं. "खोटारडा माणूस," ती म्हणाली. "दर वर्षी माझ्यासमोर बसून खोटं बोलायचा." तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. मग तिने स्टूल ओढलं, मुलीला समोर बसवलं आणि विचारलं, "तुझी काही तक्रार?"

"कशाबद्दल?"

"त्यांच्याबद्दल."

"नाही हो काकू. बाबा म्हणजे एकदम..." ती थांबली. हातातल्या वाटीकडे बघत राहिली. "टीव्हीचा आवाज एवढा मोठा ठेवायचे, की डोकं उठायचं. आता बंद असतो तर झोप लागत नाही."

"कधीपासून?" आई म्हणाली.

त्या मुलीने आईकडे बघितलं. हे शब्द तिने लहानपणापासून ऐकलेले होते. वाटी तिने खाली ठेवली, आणि मग एकातून एक निघत गेलं. डॉक्टरकडे चला म्हटलं की उद्या म्हणायचे. गेले त्याच्या आदल्या रात्री मी चिडून दार लोटलं, तर उठून काही बोलले नाहीत, झोपूनच गेले. आई गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होती. मध्ये कुठेही तिने 'जाऊ दे' म्हटलं नाही. सगळं झाल्यावर तेवढे दोनच शब्द म्हणाली, जे काका म्हणायचे.

मुलगी बराच वेळ रडली. मग उठली, तोंड धुतलं, उरलेली खीर बसून खाल्ली, आणि रोजचं काम राहिलं म्हणून मोगऱ्याला तांब्याभर पाणी घातलं. पाणी मातीत मुरलं, डब्याच्या भोकांतून उतरलं आणि ग्रिलवरून खाली गेलं.

खालून एका बाईचा आवाज आला, "ओ, वरून पाणी कोण टाकतंय?"

मुलगी गडबडून सॉरी म्हणायला पुढे झाली. आईने तिला हाताने थांबवलं. ग्रिलला धरून, गुडघ्यांची कुरकुर सोसत ती वाकली आणि म्हणाली, "वर या. चहा टाकतोय."